जाळीत अडकलेलं पीक

दुकानात आलेला रेडिएटर मी आधी उन्हाकडे धरतो. पत्र्यांच्या फटींतून ऊन आरपार आलं तर बाहेरची जाळी मोकळी आहे, दुखणं आतल्या नळ्यांत आहे. ऊन अडलं तर फटीतलं थोडं खरवडून तळहातावर घेतो. ऑक्टोबरात सोयाबीनच्या शेंगांची टरफलं निघतात, दिवाळीनंतर कापसाचा लोकरीसारखा थर, उन्हाळ्यात हळदीची पिवळी धूळ. पावसाळ्यात रात्री धावलेल्या ट्रकच्या जाळीत पाकोळ्या आणि नाकतोडे सापडतात. गाडी कुठून आली, काय काम करत होती, हे मालकाने सांगण्याआधी मला कळतं.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या हिंगोली जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांतले रेडिएटर माझ्या हातून गेले. पिकांचे आकडे सरकारदरबारी नोंदलेले आहेत. पण ही पिकं काढणारी यंत्रं का तापत होती, ती थंड कोणी केली, कोणत्या हत्यारांनी केली, याची नोंद कुठे दिसत नाही. माझ्या पिढीबरोबर ती माहितीही जाईल, म्हणून लिहायला बसलो आहे.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलमधून जी उष्णता निघते, तिचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. तो निघाला नाही तर हेड वाकतं, पिस्टन चिकटतो. सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागायचं. त्यावर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी तोडगा काढला. १९०० साली त्यांनी एमिल येलिनेक या व्यापाऱ्यासाठी पस्तीस अश्वशक्तीची गाडी आखली आणि तिच्या पुढे ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांची जाळी बसवली. एकेक नळी ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर. मागे पंखा. त्यामुळे ९ लिटर पाण्यात काम भागू लागलं. त्या गाडीला येलिनेक यांच्या मुलीचं नाव दिलं गेलं, मर्सिडीज. १९०१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या नीस शहराच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकलं. म्हणजे आज आमच्या ट्रॅक्टरच्या तोंडाशी जी जाळी आहे, ती पहिल्यांदा नावारूपाला आली ती शर्यतीच्या गाडीवर. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

तेच नाव हिंगोलीच्या रस्त्यांवर आलं ते ट्रकवर. टाटांची टेल्को आणि मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ पर्यंत टाटाच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा होता. जुने ड्रायव्हर त्या गाडीला पुढेही ‘टाटा मर्सिडीज’च म्हणत. तिचा रेडिएटर पितळेच्या नळ्या आणि तांब्याच्या पत्र्यांचा होता. हे ट्रक येण्याआधी हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बस आणि १६६ माणसांवर स्वतःची बससेवा सुरू केली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि पुढे इथल्या सरकारी बस महाराष्ट्राच्या एसटीत आल्या. त्या काळच्या बसमध्ये पाण्याचा डबा ठेवलेला असायचा. स्टँडवर गाडी लागली की ड्रायव्हर ओलं फडकं घेऊन झाकण सैल करायचा, वाफ जाऊ द्यायचा आणि मग पाणी ओतायचा. लहानपणी मी हे कळमनुरीच्या स्टँडवर उभा राहून बघत असे.

मी हे काम नांदेडला शिकलो, १९७८ साली. माझे उस्ताद मुळात कल्हईवाले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलेलं. गावोगाव फिरायचं, झाडाखाली खड्डा खणून भाता लावायचा, तांब्या-पितळेची भांडी तापवायची, नवसागराची पूड मारायची, कथिलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने ती चांदीसारखी झळाळी आतून पसरवायची. मग घरोघर स्टेनलेस स्टील आलं आणि कल्हईची हाक कोणी देईना. पण तांबं, पितळ, कथील, शिसं, नवसागर, विस्तव या सगळ्यांचा सराव हातात होता. मोटारीचा रेडिएटर म्हणजे तांब्या-पितळेचंच भांडं. उस्तादांनी भाता सोडून ब्लोलॅम्प घेतला आणि ट्रकांच्या रांगेत दुकान मांडलं. मराठवाड्यात हे काम कल्हईवाल्यांच्या आणि तांब्या-पितळेची भांडी करणाऱ्यांच्या हातांनी उभं राहिलं, असं माझं ठाम मत आहे. त्यांना कोणी कारखान्यात पाठवलं नव्हतं, कोणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

आतली सफाई हे तेव्हा मुख्य काम. आपली जमीन काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलेली. विहिरीचं, बोअरचं पाणी जड. ते तापलं की विरघळलेला चुना नळीच्या आतल्या अंगाला धरतो, थरावर थर चढतो. वर गंज आणि गाळ. १९७२ च्या दुष्काळात तर ड्रायव्हर मिळेल त्या डबक्यातलं पाणी ओतत होते, असं उस्ताद सांगायचे. त्या साली आलेल्या रेडिएटरच्या टाकीतून त्यांनी चिखल उपसला होता.

काम असं चालायचं. रेडिएटर उतरवायचा, कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या हौदात सोडायचा, ग्रीस आणि रंग सुटू द्यायचा. मग धुऊन ब्लोलॅम्पने वरच्या टाकीचा सांधा तापवायचा. शिसं-कथील १८० अंशांच्या वर गेलं की पाझरू लागतं, नेमक्या त्या वेळी टाकी उचलायची. जास्त तापवलं तर खालच्या नळ्यांचे सांधेही सुटतात आणि सगळी जाळी वाया जाते. टाकी निघाली की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. प्रत्येक नळीत चपटी, लवचिक पोलादी पट्टी घालायची आणि वरपासून खालपर्यंत हळूहळू ढकलायची. पहिल्यांदा ती बोटभर जाऊन अडते. जोर लावला तर नळी फाटते. मागे घ्यायची, थोडी फिरवायची, पुन्हा घालायची. खालून चुन्याची पांढरी भुकटी गळू लागली की नळी मोकळी झाली. एका ट्रकच्या जाळीला अख्खा दिवस जायचा.

परत बसवताना सांधा खरवडून चकचकीत करायचा, त्यावर जस्त मारलेलं आम्ल लावायचं. हे आम्ल आम्ही दुकानातच करायचो. मिठाच्या आम्लात जस्ताचे तुकडे टाकायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचे. तांब्याच्या टोकाची जाड कांब विस्तवात तापवायची, नवसागराच्या वडीवर घासायची, मग सोल्डर ओढायचं. शेवटी सगळी तोंडं बंद करून हवा भरायची आणि पाण्याच्या हौदात बुडवायचं. बुडबुडा दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. उस्ताद हौदावर वाकून इतके शांत उभे राहत की बाजूचा गोंधळ त्यांना ऐकू येतो की नाही असा प्रश्न पडे. ‘बेटा, पानी झूठ नहीं बोलता,’ असं ते सांगायचे.

मी हिंगोलीत दुकान टाकलं तेव्हा नांदेड-अकोला रस्त्यावरचे ट्रक आणि एसटीच्या जुन्या, लिलावात विकल्या गेलेल्या गाड्या एवढंच गिऱ्हाईक होतं. हिंगोली ही निजामाच्या काळापासून कापसाची पेठ. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि हंगामात खरेदी केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. तिथून जिनिंगला जाणारे ट्रक मोकळा कापूस भरून जात. जिनिंगच्या आवारात हवेतच तंतू असतात. इंजिनचा पंखा ते ओढून घेतो आणि जाळीवर एक थर बसतो. तो भिजला, त्यावर तेलकट धूळ बसली की नमदा तयार होतो. हवेने तो उडत नाही. चिमट्याने एका कडेपासून सोलत यावा लागतो, आणि जमलं तर अख्खा एका पट्टीत निघतो.

वसमतकडचं काम निराळं. पूर्णा प्रकल्पाचे कालवे, येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी, त्यामुळे ऊस. दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढणारा ट्रॅक्टर सावकाश चालतो, इंजिन पूर्ण जोरावर असतं आणि समोरून वारा मात्र लागत नाही. त्यात पाचटाचे तुकडे जाळीसमोर आडवे पडतात. हे काढायला सोपं, पण मालक काढतच नाही. ऊस तोलायचा नंबर जाईल या भीतीने रात्रभर वाफ बघत थांबतो.

याच सुमारास काही शेतकरी मला अभिमानाने सांगायचे, ‘आमच्या गाडीला तुमची गरजच नाही.’ त्यांच्याकडे आयशर होता. जर्मन कंपनीच्या सहकार्याने फरिदाबादला १९५९ साली तयार झालेला हा ट्रॅक्टर हवेवर थंड होणारा, पाणी नाही, रेडिएटर नाही. पण त्याच्या सिलिंडरवरही पत्र्या असतात आणि त्यांच्यातही भुसकट बसतं. मळणीच्या हंगामात ते लोकसुद्धा येत, आणि लोखंडी तारेने मी त्या पत्र्या साफ करून देत असे.

खरा बदल सोयाबीनने केला. १९९० नंतर या भागात ज्वारी मागे हटत गेली आणि सोयाबीन पसरलं. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तोवर खरिपात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच दिसू लागलं होतं. ज्वारीची मळणी मी लहानपणी खळ्यावर बैलांनी होताना पाहिली. सोयाबीनची मळणी ट्रॅक्टरवर चालणाऱ्या हडंब्याने, म्हणजे मळणीयंत्राने, होते. ट्रॅक्टर एका जागी उभा, हडंबा बाजूला गरगरतोय, भुसकटाचा फवारा हवेत, आणि वारा फिरला की तो सगळा ट्रॅक्टरच्या तोंडावर. पंखा जोरात ओढतोय. टरफल वजनाला हलकं, आकाराने पसरट, त्यामुळे जाळीला चिकटून हवा पूर्ण अडवतं. काही तासांत तापमानाचा काटा लाल खुणेवर. ढगाळ हवा असते, पाऊस येईल म्हणून शेतकरी मशीन थांबवत नाही. त्या ऑक्टोबरांत माझ्या दुकानात हेड वाकलेले ट्रॅक्टर ओळीने उभे राहत. हेडचं काम माझं नव्हे. पण ते वाकण्याचं कारण जाळीत आहे हे मी प्रत्येकाला दाखवायचो, मूठभर टरफलं त्याच्या हातावर ठेवून.

पुढे पंजाबातून हार्वेस्टर येऊ लागले. काही हार्वेस्टरच्या रेडिएटरपुढे फिरती गोल जाळी असते, ती भुसकट झटकत राहते. परदेशातल्या मोठ्या यंत्रांवर पंख्याची पाती उलट फिरवून मधूनमधून हवा बाहेर फेकणारे पंखेही निघाले आहेत, जर्मनीच्या क्लीनफिक्स कंपनीचे त्यात प्रसिद्ध आहेत. पंजाबातल्या हार्वेस्टरवाल्यांकडून मी एक गोष्ट घेतली. ते दर जेवणाच्या सुट्टीत जाळी साफ करतात, काटा चढो वा न चढो.

हळदीबद्दल मात्र मला थांबून लिहायला हवं, कारण ती आमच्या जिल्ह्याची ओळख झाली आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात शेजारच्या जिल्ह्यांतूनही हळद येते. वसमतला हळद संशोधन केंद्र उभं राहिलं आहे आणि २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हळद काढली की शिजवायची, उन्हात वाळवायची आणि मग पॉलिश करायची. पॉलिशचं मशीन म्हणजे जाळीचा मोठा पिंप. तो फिरतो, आत हळकुंडं एकमेकांवर घासतात, सालपट आणि मुळ्या बारीक होऊन बाहेर पडतात. तो पिंप ट्रॅक्टरच्याच जोरावर फिरतो. मार्च ते मेची उन्हं, ट्रॅक्टर उभा, हवेत पिवळा धुरळा. ही धूळ सोयाबीनच्या टरफलासारखी वर राहत नाही. ती पत्र्यांच्या खोल फटींत शिरते, आणि एखाद्या सीलमधून तेल गळत असेल तर त्याच्याशी मिसळून लेप बनतो. तो वाळला की विटेसारखा कडक. पहिल्यांदा मी हवेने उडवू पाहिला, काही हललं नाही. आता साबणाच्या कोमट पाण्यात जाळी रात्रभर ठेवतो, सकाळी पंख्याच्या बाजूने कमी दाबाचं पाणी सोडतो. पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत. ज्या फरशीवर पूर्वी चुन्याची पांढरी भुकटी पडायची, तीच आज उन्हाळाभर पिवळी असते.

माझा भाचा पुण्यात महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपात आहे. एकदा त्याने पोर्श कंपनीच्या स्पोर्ट्स कारसमोर बसून फोन केला. या कंपनीची ९११ ही गाडी १९६४ सालापासून बनते. १९९८ पर्यंत तिचं मागे बसवलेलं इंजिन हवेवर थंड व्हायचं, आयशरसारखंच. त्यानंतर पाणी आलं. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढे, दोन कोपऱ्यांत दोन. त्यांच्याही पुढे एसीची जाळी. बंपरला हवेसाठी मोठी भोकं, जमिनीलगत. रस्त्यावरची पानं, प्लास्टिक, सिगारेटची थोटकं त्यातून आत जातात आणि दोन जाळ्यांच्या मध्ये सापडतात. तिथे ती भिजतात, कुजतात, ॲल्युमिनियम खातात.

‘मामा, बंपर काढलाय. मधल्या फटीत पाचोळा ठासून भरलाय. हवा मारू का?’

‘आधी हवा मारू नको, आणखी आत बसेल. दोन्हींचे बोल्ट सोड, गॅसची नळी न खोलता एसीची जाळी पुढं येईल तेवढी ओढ. हातानं निघेल ते हातानं काढ, उरलेलं व्हॅक्यूमनं ओढ. मग मागच्या अंगानं हवा दे, पण लांबून.’

‘तुम्ही ही गाडी कधी बघितली?’

‘गाडी नाही बघितली. एसी केबिनचा ट्रॅक्टर बघितलाय.’

संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. बादलीभर पानं निघाली होती, वडाची आणि गुलमोहराची. आमच्या ट्रॅक्टरला रेडिएटरपुढे काढता-घालता येणारी बारीक जाळी कंपनीतूनच येते. त्या गाडीचे मालक तशी जाळी नंतर पैसे देऊन बसवून घेतात, असं भाच्याने सांगितलं. मला त्याचं समाधान वाटलं. शेतातल्या यंत्राला जे शहाणपण आधीपासून होतं, ते रस्त्यावरच्या वेगवान गाडीलाही लागतं.

पण त्या गाडीत असतो तसल्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरने माझं जुनं काम संपवलं आहे. तांब्यातून उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा चांगली वाहते, पण तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड आणि महाग. म्हणून कारखान्यांनी ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी घेतली. ही जाळी भट्टीत सुमारे ६०० अंशांवर जोडतात. माझ्या शिशा-कथिलाने ती जोडली जात नाही. माझ्या कॉस्टिकच्या हौदात ती टाकली तर हौद फसफसतो आणि जाळी विरघळते. टाकी रबराच्या पट्टीवर पत्र्याचे दात वाकवून बसवलेली असते. ते दात एकदा उघडून परत वाकवले तर सांधा पहिल्यासारखा राहीलच असं नाही. म्हणून नवी जाळी आणतो, जुनी भंगारात देतो. आतली सफाई जवळजवळ बंद झाली. ती बंद व्हायला कूलंटचाही हातभार लागला. त्यात पाणी शुद्ध केलेलं असतं आणि गंज रोखणारी द्रव्यं असतात, त्यामुळे चुना धरत नाही. आमच्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं लोक बरीच वर्षं म्हणत. आता कमी म्हणतात.

जुनं काम गेलं याचं सगळंच दुःख मला नाही. शिशाचा धूर छातीत आणि रक्तात जातो. उस्तादांच्या म्हातारपणी मनगटात जोर उरला नव्हता, पोट सतत दुखायचं. तेव्हा आम्ही ते वयावर ढकललं. शिशाने नेमकं हेच होतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. ते चांगलं झालं. पण रस्त्याकडेच्या दुकानात शिसं वितळवणाऱ्या पोराकडे कोणी पाहिलं नाही. ज्या दुकानांत अजून तांब्याच्या जाळीला सोल्डर लागतं, त्यांना मी हात जोडून सांगतो. काम उघड्यावर करा, त्या जागी जेवू नका, त्याच कपड्यांनी घरी जाऊन लेकरांना उचलू नका.

आता माझ्याकडे काम उरलं आहे ते बाहेरच्या सफाईचं, आणि ते वाढतंच आहे. पिकं जितकी यंत्रांवर गेली तितकी जाळी जास्त भरू लागली. यातलं बहुतेक काम शेतकऱ्याला घरी करता येतं. सोयाबीनच्या दिवसांत दर दोन तासांनी आणि हळद पॉलिश करताना दर तासाला इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. गार होऊ द्या, पुढची बारीक जाळी काढून झटका, आणि हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूने पुढे मारा. पुढून मारलं तर घाण आणखी आत जाते. गाड्या धुण्याच्या मशीनचा पाइप जवळ धरू नका, पत्र्या आडव्या होतात आणि मग त्या एकेक करून सरळ कराव्या लागतात. तेल गळत असेल तर हळदीआधी सील बदलून घ्या. आणि तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर घरात पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मला दाखवा. त्यातले बरेच अजून दुरुस्त होतात.